पावसाळी सह्याद्रीचे फोटो मोबाइलने काढताना

मोबाइलचा कॅमेरा समोरचे दृश्य सरासरी उजेडाचे आहे असे गृहीत धरतो, आणि पावसाळ्यातला सह्याद्री हे गृहीतक पावलोपावली खोटे ठरवतो. जून ते सप्टेंबर या काळात लोहगड, ताम्हिणी, नाणेघाट किंवा कास येथे प्रत्यक्ष पाहिलेले दृश्य आणि घरी परतल्यावर गॅलरीत सापडणारे दृश्य यांत जी तफावत पडते, ती मुख्यतः याच कारणाने पडते. पांढरेशुभ्र धुके राखाडी होते, काळा कातळ फिकट दिसतो, गवताचा रंग भडक पोपटी होतो आणि धबधब्याच्या जागी तपशील हरवलेला पांढरा पट्टा उरतो. यावर महागडा फोन घेणे हा उपाय नाही. कॅमेरा आपल्या वतीने कोणता निर्णय घेत आहे हे ओळखून तो वेळीच बदलता आला, तर चार-पाच वर्षांपूर्वीचा मध्यम किमतीचा फोनही या कामाला पुरेसा होतो.

आधी भिंग कोरडे हवे

घाटात फसलेल्या पुष्कळशा फोटोंचे कारण तंत्रात नसते, भिंगावर असते. वातानुकूलित मोटारीतून उतरताच फोन बाहेर काढला, की थंड काचेवर दमट हवेतले बाष्प साचते; ते पुसले तरी काच थंडच असल्यामुळे पुन्हा साचते. म्हणून घाट सुरू झाल्यावर एसी बंद करावा, खिडकी थोडी उघडावी आणि उतरण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे फोनला बाहेरच्या हवेच्या तापमानाला येऊ द्यावे. चष्मा पुसण्याची मायक्रोफायबरची दोन कापडे झिपच्या पिशवीत कोरडी ठेवावीत आणि ती भिंगाखेरीज कशालाही लावू नयेत. ओल्या टी-शर्टच्या टोकाने भिंग पुसले तर पाणी जाते, पण घामाचा आणि तेलाचा पातळ थर मागे राहतो. त्या थरामुळे आकाशाच्या कडेला जी धूसर झाक येते, तिला पुष्कळ जण धुके समजतात.

गळ्यात अडकवण्याचे प्लास्टिकचे जलरोधक पाऊच फोन नेण्यासाठी उत्तम आहेत, फोटो काढण्यासाठी नाहीत. त्यांचे प्लास्टिक ऑप्टिकल दर्जाचे नसते आणि आतल्या बाजूलाही बाष्प धरते. त्यापेक्षा सोबत्याने आपल्या डोक्यावर धरलेली साधी छत्री अधिक उपयोगाची असते, आणि माझ्या मते पावसातल्या छायाचित्रणासाठी तिच्याहून चांगले उपकरण बाजारात मिळत नाही. दोन फोटोंच्या मध्ये फोनचे भिंग जमिनीकडे करून धरण्याची सवय लावून घ्यावी. सरींमध्ये अल्ट्रा-वाइड भिंग शक्यतो टाळावे, कारण त्यावर पडलेला एखादा थेंबही फोटोत ठळक डागासारखा उमटतो. मुख्य भिंगावर तोच थेंब पुष्कळदा नुसती अस्पष्टता आणून सुटतो.

ओल्या स्क्रीनवर स्पर्श नीट ओळखला जात नाही आणि पाण्याचा ओघळ स्वतःच बटणे दाबू लागतो. अशा वेळी आवाज कमी-जास्त करण्याचे बटण शटर म्हणून वापरावे. बहुतेक सर्व फोनांत ही सोय असते. धूळ-पाण्यापासून संरक्षणाची आयपी६८ अशी नोंद असलेल्या फोनबाबतही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही चाचणी प्रयोगशाळेतल्या स्वच्छ, स्थिर पाण्यात होते, नव्या फोनवर होते आणि तिच्यात धबधब्याच्या धारेचा मारा गृहीत धरलेला नसतो. दोन वर्षे वापरलेल्या, एकदा पडलेल्या फोनचे रबरी सील तितकेच घट्ट असेल याची खात्री देता येत नाही.

धुके आणि कातळ

कॅमेऱ्याचे प्रकाशमापन फार जुन्या तत्त्वावर उभे आहे. समोरचे दृश्य सरासरीने सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणाऱ्या मध्यम करड्या छटेइतके उजळ आहे असे मानून ते एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी किती प्रकाश घ्यायचा ते, ठरवते. आजचे फोन दृश्य ओळखून त्यात बरीच दुरुस्ती करतात, तरी मूळ कल कायम राहतो. चौकट धुक्याने भरली, की ‘हे फारच उजळ आहे’ असे समजून फोन उजेड कमी करतो आणि धुके मळकट होते. उलट चौकटीत बेसॉल्टचा ओला काळा कडा भरला, की फोन उजेड वाढवतो, कडा करडा पडतो आणि वरचे ढगाळ आकाश पूर्ण पांढरे होऊन जाते.

उपाय दोन्हीकडे एकच आहे, दिशा मात्र उलट आहे. फोटोतला जो भाग महत्त्वाचा वाटतो त्यावर बोट टेकवून एक-दोन सेकंद दाबून धरावे, म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतात. त्यानंतर शेजारी दिसणाऱ्या सूर्याच्या चिन्हावर किंवा पट्टीवर बोट सरकवून उजेड हवा तसा करावा. धुक्यासाठी तो अर्ध्या ते एका स्टॉपने वाढवावा आणि कातळासाठी तितकाच कमी करावा. एक स्टॉप म्हणजे उजेडाची दुप्पट किंवा निमपट, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. मोजपट्टी दिसत नसेल, तर डोळ्यांना जे पांढरे दिसत आहे ते स्क्रीनवर पांढरे दिसेपर्यंत वाढवावे आणि ढगांमधल्या छटा पुसल्या जाऊ लागताच थांबावे. धुके आणि कातळ एकाच चौकटीत असतील, तर एक्स्पोजर आकाशाकडे पाहून ठरवावे, कारण काळोखात गेलेला कातळ नंतर थोडाफार उजळता येतो, पण पांढरे होऊन गेलेले आकाश परत आणता येत नाही.

धुक्यात फोकसही भरकटतो, कारण त्याला पकडायला कडा सापडत नाही. झाडाचे खोड, तटबंदीची रेघ, दरवाज्याची कमान अशी एखादी ठळक सीमा शोधून तिच्यावर फोकस लावावा. रचनेसाठीही हीच गोष्ट उपयोगी पडते. नुसत्या धुक्याचा फोटो कोऱ्या कागदासारखा दिसतो. जवळ काहीतरी गडद असले, मध्यावर काहीतरी अर्धवट दिसत असले आणि मागचे पूर्ण हरवले असले, की खोली आपोआप तयार होते. दूरच्या वस्तूवर झूम केल्यास मधल्या हवेतले सगळे धुके चौकटीत येऊन चित्र सपाट होते, म्हणून धुक्यात झूम वापरण्यापेक्षा चालत जवळ जाणे चांगले.

लोहगडाचे उदाहरण घेता येईल. पायऱ्यांच्या वाटेवर एकामागून एक येणारे गणेश, नारायण, हनुमान आणि महा दरवाजा यांच्या कमानी काळोख्या असतात आणि त्यांच्यापलीकडे धुके उजळ असते. कमानीच्या आत उभे राहून बाहेर पाहिले असता कमानीची काळी चौकट मिळते, आणि बाहेरून आत पाहिले असता त्या काळोखाच्या पार्श्वभूमीवर पावसाच्या धारा दिसतात. पाऊस फोटोत दिसायचा असेल, तर मागे गडद पार्श्वभूमी आणि धारांवर बाजूने किंवा मागून येणारा उजेड या दोन्ही गोष्टी लागतात. पांढऱ्या आकाशासमोर पाऊस कधीच दिसत नाही. प्रो मोड (कॅमेऱ्याची मापे स्वतः ठरवण्याची सोय) असेल, तर शटर उघडा राहण्याचा वेळ सेकंदाच्या साठाव्या ते सव्वाशेव्या भागाच्या दरम्यान ठेवल्यास थेंबांच्या रेषा उमटतात. माथ्यावरून विंचूकाटा (गडाची लांब, निमुळती सोंड) पाहायचा असेल, तर फोन तयार ठेवून उघडीप होण्याची वाट पाहणे एवढेच हाती असते. चौकट आधीच ठरवून ठेवावी, कारण ढग बाजूला सरतात ते पुष्कळदा अर्ध्या मिनिटापुरते.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर नशिबाने इंद्रवज्र (धुक्यावर उमटणारे इंद्रधनुष्यासारखे रंगीत वर्तुळ) दिसलेच, तर त्यातले रंग मुळातच फिके असल्याने एक्स्पोजर किंचित कमी करावे. हे वर्तुळ दिसण्यासाठी सूर्य पाठीमागे आणि धुके समोर खाली असावे लागते. कडा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे दरीतल्या धुक्यावर ते पाहायचे असेल, तर सकाळच्या उन्हाचीच वाट पाहावी लागते. वर्तुळाच्या मध्यभागी नेहमी पाहणाऱ्याचीच सावली येते, तेव्हा ती टाळण्याचा खटाटोप करू नये. त्यापायी कड्याच्या टोकाकडे सरकणे तर मुळीच करू नये. ओल्या गवताखाली कडा कुठे संपतो ते दिसत नाही.

हिरवा रंग

पावसाळ्यातला हिरवा रंग एकच नसतो. भाताच्या खाचरांचा वेगळा, शेवाळाचा वेगळा, कारवीच्या पानांचा वेगळा. फोनमधले दृश्य ओळखणारे सॉफ्टवेअर मात्र ‘हिरवळ’ ओळखली, की सगळ्यांना एकाच भडक छटेत रंगवते. सेटिंगमध्ये सीन ऑप्टिमायझर किंवा एआय असे काही असेल तर ते बंद करावे. ओल्या पानांवरची पांढरी चमक हा दुसरा त्रास. ती आकाशाचे प्रतिबिंब असते आणि तिच्यामुळे पानाचा खरा रंग झाकला जातो. त्यावर एक स्वस्त उपाय आहे. पोलराइज्ड गॉगलची काच फोनच्या भिंगासमोर चिकटून धरावी आणि स्क्रीनकडे पाहत हळूहळू फिरवावी. एका विशिष्ट कोनात पानांवरची, ओल्या कातळावरची आणि डोहाच्या पाण्यावरची चमक नाहीशी होते. उजेड बराच कमी होतो आणि काचेची छटा फोटोत थोडी उतरते, पण ती नंतर व्हाइट बॅलन्सने (फोटोतली रंगछटा जुळवण्याच्या सोयीने) काढता येते.

धबधबे

धबधब्याचे फोटो दोन प्रकारांनी काढता येतात आणि कोणता प्रकार हवा ते आधी ठरवावे लागते. पाणी गोठल्यासारखे, थेंब न् थेंब दिसणारे हवे असेल, तर शटर वेगवान लागतो आणि फोन दिवसा आपणहून तसाच शटर निवडतो. नाणेघाटातल्या उलट्या धबधब्यासाठी हाच प्रकार योग्य आहे. तिथे वारा पाण्याला खाली पडू न देता वर उधळतो, आणि ते उधळणे धारांच्या तुटलेल्या आकारांतूनच कळते. पाणी दुधाळ, रेशमासारखे हवे असेल तर शटर किमान पाव सेकंद उघडा राहावा लागतो, आणि फोनची खरी अडचण इथे येते.

बहुतेक फोनांच्या मुख्य भिंगाचे छिद्र एफ/१.८ च्या आसपास कायमचे उघडे असते. मोठ्या कॅमेऱ्याप्रमाणे ते लहान करता येत नाही. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, ५० पर्यंत खाली आणला, तरी ढगाळ दिवशी मोकळ्या जागेत योग्य उजेडाचा शटर सेकंदाच्या सुमारे सहाशेव्या भागाइतका येतो. तिथे पाव सेकंद ठेवला, तर गरजेच्या दीडशेपट प्रकाश आत येऊन फोटो पूर्ण पांढरा होतो. म्हणून ‘प्रो मोडमध्ये जाऊन शटर वाढवा’ हा सर्वत्र मिळणारा सल्ला फोनसाठी अर्धवटच आहे. गर्द झाडीतल्या ओढ्यावर, जिथे उजेड मुळातच कितीतरी कमी असतो, तिथे तो काही अंशी चालतो. आठपट प्रकाश अडवणारा क्लिपचा एनडी फिल्टर लावला तर व्यवस्थित चालतो. मोकळ्या जागेवरच्या धबधब्याला मात्र सुमारे दीडशेपट किंवा त्याहून अधिक अडवणारा फिल्टर लागतो.

फिल्टर न घेताही हे साधण्याचा मार्ग सॉफ्टवेअरने दिला आहे. आयफोनमध्ये लाइव्ह फोटो सुरू ठेवून फोटो काढल्यास शटर दाबण्याच्या आधीचे आणि नंतरचे मिळून सुमारे तीन सेकंदांचे चित्रण होते. नंतर तो फोटो उघडून वरच्या कोपऱ्यातल्या ‘लाइव्ह’ या शब्दावर बोट ठेवले, की ‘लाँग एक्स्पोजर’ हा पर्याय मिळतो; २०१७ मध्ये आलेल्या आयओएस ११ पासून ही सोय आहे. गूगलच्या पिक्सेल फोनांत पिक्सेल ६ पासून लाँग एक्स्पोजरचा स्वतंत्र पर्याय आहे. दोन्हींत फोन अनेक चौकटी एकमेकींत मिसळतो, त्यामुळे दगड स्थिर राहतात आणि पाणी मऊ होते. त्या तीन सेकंदांत हात हलता कामा नये. फोन दगडावर किंवा पिशवीवर टेकवावा आणि सेल्फ टायमर लावावा, म्हणजे बटण दाबण्याचा धक्काही बसत नाही. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंमध्ये ट्रायपॉडला परवानगी लागते, त्यामुळे किल्ल्यांवर अशी टेकण्याची जागा शोधण्याची सवय उपयोगी पडते.

एक्स्पोजर नेहमी पाण्याच्या सर्वांत पांढऱ्या भागावर लॉक करावे. फोटोत धबधब्याची उंची कळावी असे वाटत असेल, तर पायथ्याशी जाण्यापेक्षा समोरून पाहावे. साताऱ्याजवळच्या ठोसेघरला दरीच्या अलीकडे प्रेक्षणाची जागा आहे. तिथून दुप्पट किंवा तिप्पट झूमने घेतलेल्या फोटोत कडा, धार आणि खालची झाडी यांचे प्रमाण खरे दिसते, शिवाय तुषारांपासून भिंगही वाचते. ओढ्याच्या पात्रात उभे राहून फोटो काढत असताना पाणी अचानक गढूळ झाले किंवा त्यात पाने-काटक्या वाहत आल्या, तर वर पाऊस वाढला आहे असे समजून फोटो तसाच सोडून काठावर यावे.

कासची फुले

साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेले कासचे पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांमध्ये गणले जाते, आणि फुलांचा मुख्य बहर साधारणतः ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. तिथे पहिल्यांदा जाणाऱ्यांचा अपेक्षाभंग बहुधा आकाराने होतो. गेंद, सीतेची आसवे ही फुले नखाएवढी किंवा त्याहूनही लहान असतात. दुरून दिसतो तो त्यांच्या लक्षावधींच्या संख्येने आलेला रंग. गालिच्याचा फोटो आणि फुलाचा फोटो ही म्हणूनच दोन वेगळी कामे आहेत.

गालिचासाठी उभे राहून खाली पाहत फोटो घेतला, तर फुलांच्या मधले गवत आणि माती दिसून रंग विरळ होतो. फोन फुलांच्या उंचीला आणून जवळजवळ आडव्या नजरेने पाहिले, की फुले एकामागे एक दाटतात. त्यासाठी झोपण्याची, आणि त्यात शेकडो रोपे चिरडण्याची, गरज नाही: फोन उलटा धरावा, म्हणजे त्याची भिंगे खालच्या टोकाला, जमिनीलगत येतात. आखलेल्या वाटेवरूनच टेलिफोटो भिंगाने किंवा दुप्पट झूमने पाहिल्यास ही दाटी आणखी वाढते. वाट सोडून ‘चांगला कोन’ शोधणाऱ्यांना हा कोन वाटेवरही मिळतो, हे सांगूनही पटत नाही.

एकट्या फुलासाठी मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो घेण्याची सोय, लागतो. अलीकडच्या चांगल्या फोनांत अल्ट्रा-वाइड भिंगालाच ऑटोफोकस देऊन मॅक्रो साधलेला असतो आणि तो दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत जवळ जाऊ शकतो. स्वस्त फोनांमध्ये जाहिरातीसाठी दिलेला दोन मेगापिक्सेलचा स्वतंत्र मॅक्रो कॅमेरा मात्र सरळ विसरावा. त्यापेक्षा मुख्य भिंगाने वीतभर अंतरावरून फोटो घेऊन नंतर कापलेला चांगला दिसतो. इतक्या जवळून फोनची सावली फुलावर पडते, म्हणून ढगाळ वेळ निवडावी. पठारावरचा वारा थांबत नाही. शरीराचा आडोसा करावा, फोकस लॉक करावा आणि झुळकांच्या मधल्या क्षणी सलग आठ-दहा फोटो घ्यावेत. पोर्ट्रेट मोड फुलांसाठी वापरू नये. तो पार्श्वभूमी अंदाजाने पुसतो आणि बारीक देठ व पाकळ्यांचे केस त्या अंदाजात हमखास कापले जातात. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी पाहायला मिळाली, तर तिचा जांभळा रंग स्क्रीनवर अनेकदा निळा दिसतो हे ध्यानात घ्यावे आणि व्हाइट बॅलन्समधली टिंटची पट्टी किंचित किरमिजीकडे सरकवून तो जागेवरच, खरे फूल समोर असताना जुळवावा.

माणसे

माणसांबाबत थोडक्यात. दाट झाडीत पानांतून गाळून येणारा उजेड चेहऱ्यांवर हिरवट छटा आणतो, म्हणून माणसाला दोन पावले पुढे, मोकळ्या आकाशाखाली आणावे. मुख्य भिंग २४ ते २६ मिलिमीटरचे, म्हणजे बरेच रुंद असते आणि त्याने जवळून काढलेल्या चेहऱ्यात नाक मोठे दिसते. मागे सरकून दुप्पट झूम वापरावा. धुक्यासमोर उभ्या माणसाचा चेहरा दिसायला हवा असेल तर धुक्यातला तपशील सोडावा लागतो. दोन्ही साधण्याचा हट्ट धरला, की एचडीआर (उजळ आणि काळोखा असे दोन्ही भाग सांभाळणारी फोनची प्रक्रिया) चेहऱ्याभोवती कृत्रिम वलय आणते. रंगीत रेनकोट घातलेला एक माणूस दूर वाटेवर चालत असेल, तर मला तो समूह-सेल्फीपेक्षा नेहमीच अधिक बोलका वाटतो.

घरी आल्यावर

फोन भिजला असेल तर तो पूर्ण कोरडा होईपर्यंत चार्जिंगला लावू नये आणि तांदळाच्या डब्यातही ठेवू नये. तांदळाचे कण पोर्टमध्ये जाऊ शकतात, असा इशारा अॅपलने स्वतः दिला आहे. पंख्याखाली, पोर्ट खाली करून ठेवणे पुरेसे असते.

फोटोंवर स्नॅपसीडसारख्या मोफत अॅपमध्ये काम करताना पहिल्यांदा क्षितिज सरळ करावे. धुक्यात ते दिसत नसेल तर झाडांची खोडे किंवा धबधब्याची धार लंबरेषा म्हणून घ्यावी. मग सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, वाढवण्याऐवजी थोडे कमी करून पाहावे. फोनने आधीच ते चढवलेले असते. धुक्याच्या फोटोवर कॉन्ट्रास्ट किंवा स्ट्रक्चर वाढवणे म्हणजे मुद्दाम टिपलेले धुके पुसून टाकणे होय.

व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो बराच दाबला जातो आणि गवत, पाऊस व धुके यांचे बारीक तपशील सर्वांत आधी नष्ट होतात. एचडी पर्याय निवडावा, किंवा मूळ फाइलच द्यायची असेल तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फाइलमध्ये मात्र फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांशही जसेच्या तसे जातात. कंदीलपुष्पासारख्या दुर्मीळ वनस्पतीचा फोटो असेल, तर ती उपटून नेणाऱ्यांना पत्ता मिळू नये म्हणून पाठवण्यापूर्वी स्थळाची नोंद काढून टाकावी. आयफोनमध्ये शेअर करताना वर दिसणाऱ्या ‘ऑप्शन्स’मध्ये लोकेशन बंद करता येते, आणि बहुतेक अँड्रॉइड फोनांच्या गॅलरीत फोटोच्या तपशिलात जाऊन ते काढता येते.